कुठलं कार्ड दाखवायचं ते मी ठरवणार

आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनच्या घरात फ्रिजशेजारी कालनिर्णय टांगलेलं असतं, दरवर्षी नाशिकहून येणारं कोणी ना कोणी आणतंच. २०२३ च्या ऑक्टोबरच्या पानावर १६ तारखेच्या चौकोनात मी बारीक अक्षरात लिहून ठेवलंय, "जॉइन झाले. लायसन आणि सोशल दिलं. घेतलं नाही. सिटिझन नसेल तर ग्रीन कार्डच लागतं म्हणाली. शेजारच्या मुलाचं घेतलं." आदल्या दिवशी घटस्थापना झाली होती, चौकोनात आधीच छापील मजकूर होता, त्याच्या कडेकडेने हे कोंबलंय. नोकरीच्या पहिल्याच दिवशी माझं ड्रायव्हिंग लायसन आणि सोशल सिक्युरिटी कार्ड नाकारलं, त्यानंतर सात महिने जे काही झालं त्यात या चार ओळींचा मला किती आधार झाला हे आता कळतं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

मी २०१० मध्ये लग्न होऊन न्यू जर्सीत आले, एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसासोबत बायकोला मिळतो त्यावर. बीकॉम झालेलं, नाशिकला दोन वर्ष अकाउंट्सचं काम केलेलं, पण एच-फोरवर काम करायला बंदी, त्यामुळे पाच वर्ष घरी. २०१५ च्या मे महिन्याच्या शेवटी नियम बदलला आणि ज्यांच्या नवऱ्याची ग्रीन कार्डची फाइल ठरावीक टप्प्याला पोचलीय अशा बायकांना वर्क परमिट मिळायला लागलं. मी लगेच अर्ज केला. परमिट आलं, पाठोपाठ सोशल सिक्युरिटी कार्ड आलं, ते सरकारी नंबरचं निळसर कागदी कार्ड, आणि त्यावर माझ्या नावाच्या वरती एक ओळ छापलेली होती की हे कार्ड कामासाठी फक्त होमलँड सिक्युरिटीच्या परवानगीसोबतच चालेल. ही ओळ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२०१६ मध्ये एका डेंटल ऑफिसात बिलिंगसाठी इंटरव्ह्यू दिला. मॅनेजर छान बोलला, काम येतं हे त्याला दिसत होतं, मी समोर बसून त्याला एक क्लेम सोडवून दाखवला, आणि शेवटी तो म्हणाला की काम उत्तम आहे पण आमच्या पेशंटना तुझा अ‍ॅक्सेंट जड जाईल. काम होतं इन्शुरन्स कंपन्यांना क्लेम पाठवायचं, पेशंटशी बोलणं जवळजवळ नाहीच. मी थँक्यू म्हणून बाहेर आले आणि पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले. घरी सांगितलं की त्यांना जास्त अनुभव असलेलं कोणी मिळालं. मला तेव्हा माहीतच नव्हतं की १९६४ च्या सिव्हिल राइट्स अ‍ॅक्टच्या सातव्या भागात तुम्ही मूळचे कुठल्या देशाचे यावरून नोकरी नाकारायला बंदी आहे आणि बोलण्याचा ढंग हा त्याचाच भाग धरला जातो. अ‍ॅक्सेंटवरून नाकारायचं असेल तर त्या कामात बोलणं किती लागतं आणि त्या माणसाचं बोलणं खरोखरच समजत नाही का, हे बघावं लागतं. नुसतं कानाला वेगळं लागतं एवढं पुरेसं नाही.

अर्थात कोर्टात हे सोपं नसतं. होनोलुलूत मॅन्युएल फ्रॅगांटे नावाचे फिलिपिनो गृहस्थ होते, गाड्यांच्या लायसन ऑफिसात क्लार्कच्या जागेसाठी ७२१ जणांनी लेखी परीक्षा दिली त्यात ते पहिले आले, आणि इंटरव्ह्यूत अ‍ॅक्सेंट जड आहे म्हणून त्यांना घेतलं नाही. १९८९ मध्ये अपील कोर्टातही ते हरले, कारण ते काम काउंटरवर लोकांशी बोलायचं होतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार वाईट वाटलं. ७२१ मध्ये पहिला आलेला माणूस! पण त्याच निकालावरून मला हेही कळलं की माझ्या डेंटल ऑफिसच्या बाबतीत प्रश्न वेगळा होता, तिथे काउंटर नव्हताच. फक्त मला हे कळेपर्यंत काही वर्ष उलटून गेली होती. ईईओसीकडे, म्हणजे नोकरीतला भेदभाव बघणाऱ्या केंद्र सरकारच्या आयोगाकडे, तक्रार करायला १८० दिवस असतात, न्यू जर्सीसारख्या राज्यात, जिथे राज्याचं स्वतःचं खातं आहे, तिथे ३००. माझे ते दिवस मी कोणाला काही न सांगता घालवले.

आता २०२३. मधल्या काळात ग्रीन कार्ड झालं होतं. २०२० च्या ऑक्टोबरात भारतीयांच्या ग्रीन कार्ड अर्जाच्या, म्हणजे फाइलिंगच्या, तारखा एकदम काही वर्षांनी पुढे सरकल्या तेव्हा आमचाही नंबर लागला आणि २०२१ मध्ये हातात कार्ड आलं. त्यानंतर मी एक काम शहाणपणाचं केलं, सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात जाऊन कार्ड बदलून घेतलं. नंबर तोच राहतो, पण नव्या कार्डावर ती ओळ नसते. ओळ असलेलं कार्ड नोकरीच्या कागदपत्रात चालत नाही आणि ओळ नसलेलं चालतं, एवढा त्या एका ओळीचा फरक आहे. आपल्यातले कितीतरी जण ग्रीन कार्ड झालं तरी जुनंच कार्ड वापरत राहतात. बदलून घ्या, फुकट आहे.

२०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही जर्सी सिटीहून एडिसनला घर बदललं आणि त्या गडबडीत माझं ग्रीन कार्ड हरवलं. सगळे खोके उलटेपालटे केले, नाही सापडलं. नव्या कार्डाचा अर्ज केला, पैसे भरले, पावती आली, आता वाट बघायची. ग्रीन कार्ड हरवलं म्हणजे फक्त ते प्लास्टिक हरवलं, आपलं इथलं कायदेशीर स्टेटस तसंच असतं, हे मला माहीत होतं. तेवढ्यात एका मेडिकल बिलिंग कंपनीची ऑफर आली. चाळीसेक माणसं, घरापासून वीस मिनिटं, पगार मनासारखा. नाव लिहीत नाही.

सोमवारी आम्ही तिघं नवीन होतो, कॉन्फरन्स रूममध्ये एका टेबलाला बसवलं. एचआरच्या बाईंनी आय-नाइन फॉर्म दिले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, अमेरिकेत कुठेही नोकरीला लागलात की हा फॉर्म भरावाच लागतो, मग तुम्ही इथे जन्मलेले असा की काल आलेले. १९८६ च्या कायद्याने तो आला. वरचा भाग आपण भरायचा, त्यात सिटिझन, परमनंट रेसिडेंट (म्हणजे ग्रीन कार्डवाले) वगैरे चार चौकटी असतात त्यातली एक टिक करायची. खालचा भाग कंपनी भरते, तुमचे कागद बघून. आणि कुठले कागद, तर त्याची यादी फॉर्मसोबतच असते, तीन भागांत. ए मधला एक कागद दाखवा, त्यात अमेरिकन पासपोर्ट, ग्रीन कार्ड, वर्क परमिट हे येतं, किंवा बी मधला एक आणि सी मधला एक दाखवा, म्हणजे ड्रायव्हिंग लायसन आणि ती ओळ नसलेलं सोशल सिक्युरिटी कार्ड. ए मधलाच द्या किंवा बी-सीच द्या असं मालकाने म्हणायचं नाही. निवड कामगाराची. हे कुठे लपवलेलं नाही, फॉर्मच्या डोक्यावरच ठळक छापलेलं आहे की कुठले कागद दाखवायचे ते कर्मचारी ठरवतो, मालकाने अमुकच आणा म्हणायचं नाही, आणि सिटिझनशिप किंवा मूळ देश बघून वेगवेगळी वागणूक देणं बेकायदा ठरू शकतं.

माझ्या शेजारी पंचविशीतला एक अमेरिकन मुलगा होता. त्याने सिटिझनवर टिक केली, खिशातून पाकीट काढून लायसन आणि सोशलचं कार्ड दिलं. बाईंनी कॉपी काढली, "ऑल सेट" म्हणाल्या. समोरच्या वयस्कर बाईंनी पण तेच दोन दिले. मग माझी पाळी. मी पण तेच दोन दिले. त्यांनी आधी फॉर्म बघितला, परमनंट रेसिडेंटची टिक बघितली, माझी दोन्ही कार्डं तशीच टेबलावर माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, तुझं ग्रीन कार्ड लागेल. ती दोन कार्डं टेबलावरून परत सरकत आली ना, ते चित्र अजून डोळ्यांसमोर आहे. त्याच टेबलावर दोन मिनिटांपूर्वी त्याच जातीची दोन कार्डं उचलली गेली होती.

मी म्हटलं की ग्रीन कार्ड हरवलंय, नव्यासाठी अर्ज केलाय, पावती आहे, पण ही दोन कार्डं यादीत आहेत, पुरेशी आहेत. त्या म्हणाल्या, सिटिझन नसलेल्यांसाठी आमची पॉलिसी आहे, ग्रीन कार्डच लागतं. आवाज अगदी गोड. तेच जास्त अवघड होतं, कोणी ओरडलं असतं तर मी पण बोलले असते, पण एवढ्या गोड बोलणाऱ्या माणसाशी पहिल्याच दिवशी वाद कसा घालायचा. मी त्यांना फॉर्मवरची ती ठळक ओळ दाखवली. त्या म्हणाल्या, हो ते जनरल आहे. संध्याकाळी त्यांचा ईमेल आला, आपल्या बोलण्याप्रमाणे गुरुवारपर्यंत परमनंट रेसिडेंट कार्ड घेऊन ये. गुरुवार अशासाठी की पहिल्या दिवसानंतर कामाच्या तीन दिवसांत कंपनीला खालचा भाग पूर्ण करावा लागतो. मी बुधवारी पावती पण नेऊन दिली, हरवलेल्या कागदाच्या जागी नव्यासाठी अर्ज केल्याची पावती ९० दिवस चालते असा नियम आहे. ती पण नाही घेतली. गुरुवारी दुपारी मला घरी पाठवलं आणि शुक्रवारी ईमेल, आम्ही पुढे जाऊ शकत नाही, शुभेच्छा. चार दिवसांची नोकरी.

घरी नवरा म्हणाला सोड, दुसरी बघ, कार्ड येईलच दोन-चार महिन्यांत. त्याचं मन मला कळत होतं, अकरा-बारा वर्ष ग्रीन कार्डच्या रांगेत काढलेला माणूस, सरकारी लिफाफा दिसला की पोटात गोळा येतो. आईला नाशिकला फोन केला तर ती म्हणाली, अगं आपण तिथे परके, त्यांचा देश, त्यांचे नियम. आणि माझ्या तोंडून निघून गेलं की आई, मी त्यांचेच नियम सांगतेय ना, त्यांनीच छापलेत फॉर्मवर.

त्या रात्री मला २००८ चा फेब्रुवारी आठवला. नाशिकमध्ये उत्तर भारतीय कामगारांना मारहाण झाली आणि ते गठुडी घेऊन नाशिक रोड स्टेशनवर गर्दी करून बसले होते, मिळेल त्या गाडीने निघाले होते. बाबा अंबडच्या एका कंपनीत होते, लेथवरचे दोघं दुसऱ्या दिवशी कामावर आलेच नाहीत. बाबा जेवताना म्हणाले, त्या पोरांची हजेरीची कार्डं तशीच लावलेली आहेत. आम्ही ऐकलं आणि जेवत राहिलो. तेव्हा मला वाटलं नव्हतं की "तू इथली नाहीस" हे मला कोणी म्हणेल. आणि म्हणायला लागतही नाही, एक कार्ड परत सरकवलं की झालं.

शनिवार-रविवार मी शोधत बसले. दोन-तीन दारं आहेत असं कळलं. मूळ देशावरून भेदभाव झाला आणि कंपनीत १५ किंवा जास्त माणसं असतील तर ईईओसी. माणसं ४ ते १४ असतील तर न्याय खात्याच्या सिव्हिल राइट्स डिव्हिजनमधलं इमिग्रंट अँड एम्प्लॉयी राइट्स सेक्शन, लोक आयईआर म्हणतात. पण सिटिझनशिप किंवा इमिग्रेशन स्टेटसवरून नोकरी नाकारली, किंवा आय-नाइनसाठी अमुकच कागद मागितला, तर ४ किंवा जास्त माणसांच्या कुठल्याही कंपनीसाठी आयईआरच. शिवाय राज्याचा कायदा वेगळा, न्यू जर्सीचा भेदभावविरोधी कायदा १९४५ पासून आहे आणि तो छोट्या मालकांनाही लागू होतो. चुकीच्या दारात गेलात तरी एक ऑफिस दुसऱ्याकडे पाठवतं, पण दिवस मोजत राहायचे. आयईआरला १८० दिवस, तिथे ३०० वगैरे नाही.

सोमवारी सकाळी फोन केला, कामगारांची हॉटलाइन आहे, १-८००-२५५-७६८८. माझे हात थंड पडले होते. नाव नाही सांगितलं तरी चालतं, दुभाषा हवा का हेही विचारतात. पलीकडच्या बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं की आम्ही तुमचे वकील नाही, कायद्याचा सल्ला देत नाही, पण नियम समजावू शकतो. मग प्रश्न. कंपनीत किती माणसं? तारीख कुठली? तू काय टिक केलंस? काय दाखवलंस? सोशलच्या कार्डावर काही अट छापलेली आहे का? म्हणजे तीच ओळ. मी कार्ड हातात धरून उलटसुलट करून वाचलं आणि नाही म्हटलं. मग सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, बाकीच्यांकडून काय मागितलं? मी कालनिर्णयसमोर उभी राहूनच बोलत होते, वाचून दाखवलं. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, हे तू कधी लिहिलंस? म्हटलं त्याच दिवशी, घरी येऊन, पर्स खाली ठेवायच्या आधी.

हा प्रश्न महत्त्वाचा का ते मला नंतर समजलं. १९९६ मध्ये कायद्यात बदल झाला, त्यानंतर नुसता जास्तीचा कागद मागितला एवढं पुरत नाही, तो भेदभावाच्या हेतूने मागितला हे दाखवावं लागतं. कंपनी सगळ्यांकडूनच चुकून तीन-तीन कागद मागत असेल तर ती अडाणीपणाची चूक. सिटिझनकडून दोन कार्डं घेतली आणि माझ्याकडून तीच नाकारली, तर मग हेतूचा प्रश्न येतो. "सिटिझन नसलेल्यांसाठी आमची पॉलिसी" हे वाक्य म्हणूनच जड ठरलं.

त्यांनी विचारलं, आम्ही कंपनीला फोन करून नियम समजावू का? बऱ्याचदा तेवढ्यावर काम होतं म्हणे, काही दिवसांत माणूस परत कामावर. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी दसरा होता, मी श्रीखंड करत होते, मनात पक्कं होतं की आज फोन येणार. फोन आला गुरुवारी. कंपनी म्हणते ती जागाच आता नाही. गेल्याच आठवड्यात असलेली जागा. मग राहिला मार्ग लेखी तक्रारीचा, चार्ज म्हणतात. फॉर्म त्यांच्या साइटवर फुकट, वकील लागत नाही, ईमेलने पाठवता येतो. मी तीन नोव्हेंबरला पाठवला, सोबत ऑफर लेटर, दोन्ही ईमेल, दोन्ही कार्डांच्या कॉपी, अर्जाची पावती आणि कालनिर्णयच्या पानाचा फोटो, खाली मराठीचं इंग्रजी करून.

मंडळाच्या दिवाळीत हे कसं कोण जाणे पसरलं होतं. एक काका मला बाजूला घेऊन म्हणाले, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, उद्या सिटिझनशिपच्या इंटरव्ह्यूत विचारलं तर? ही भीती मला पण होती, खोटं कशाला सांगू. पण तक्रार केली म्हणून धमकावणं किंवा त्रास देणं याच कायद्यात वेगळं बेकायदा धरलंय, आणि आपला हक्क मागणं हे सिटिझनशिपच्या आड येणारं काम नाहीच.

त्याच आठवड्यात अ‍ॅपलची बातमी आली होती, तिथे सगळे त्यावरच बोलत होते. अ‍ॅपलने व्हिसावाल्या कर्मचाऱ्यांच्या ग्रीन कार्डच्या फाइलसाठी ज्या जागांची जाहिरात द्यायची असते त्या नेहमीप्रमाणे वेबसाइटवर टाकल्या नाहीत, अर्ज कागदावर टपालाने मागवले, म्हणजे इथले लोक अर्जच करणार नाहीत, असा न्याय खात्याचा आरोप होता, आणि २५ मिलियन डॉलरपर्यंतची तडजोड झाली. २०२१ मध्ये फेसबुकचं तसंच १४.२५ मिलियनपर्यंत झालं होतं. मंडळात सूर असा की हे सगळं आपल्याविरुद्ध आहे. मी म्हटलं, ज्या ऑफिसाने ते केलं त्याच ऑफिसात माझी फाइल आहे, तोच कायदा, तेच कलम. अमेरिकन माणसाला डावलून व्हिसावाल्याला घेणं चूक, आणि मला डावलून सिटिझनला घेणं चूक. हे मी मनापासून मानते. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर देसी कन्सल्टन्सीच्या "फक्त एच-वन, फक्त ओपीटी", म्हणजे फक्त नोकरीच्या किंवा विद्यार्थी व्हिसावालेच हवेत, अशा जाहिराती सर्रास फिरतात आणि आपण त्या पुढे ढकलतो, तशा जाहिरातींवरून त्या ऑफिसाने कितीतरी स्टाफिंग कंपन्यांना दंड केलाय. दोन्हीकडून एकच माप लावायला नको का? शांतता झाली, मग कोणीतरी चकल्या पुढे केल्या. पण त्या काकांनी निघताना मला हॉटलाइनचा नंबर मागितला, सुनेसाठी.

पुढचे महिने वाट बघण्याचे. चार्ज पूर्ण आहे असं ठरलं की १० दिवसांत कंपनीला नोटीस जाते. माझ्या फाइलवर आयईआरची एक तरुण वकील नेमली होती, तपास तिच्याकडे. तिने दोनदा तासतासभर फोनवर सगळं विचारलं, अगदी टेबल कसं होतं, कोण कुठे बसलं होतं, त्या मुलाचं पाकीट मी पाहिलं का कार्डं पाहिली. कंपनीकडून काय काय मागवलं ते सांगत नव्हती, पण नोकरीला लागलेल्या बाकीच्यांचे आय-नाइन मागवलेत एवढं कळलं. आणखी एक गोष्ट तिने सांगितली जी मला कोणीच सांगितली नसती. नोकरी शोधत राहा आणि नोंद ठेव. बुडालेला पगार मागायचा तर आपण हातावर हात ठेवून बसलो नव्हतो हे दिसायला हवं. मी वहीत लिहायला लागले, कुठे अर्ज, कधी इंटरव्ह्यू, काय झालं. जानेवारीत एका हॉस्पिटलच्या बिलिंग विभागात नोकरी लागली, तिथे तेच दोन कागद दिले, कोणी काही बोललं नाही.

मार्चमध्ये महाशिवरात्रीच्या आसपास जाड लिफाफा आला. त्यात लिहिलेलं की १२० दिवस झाले, तुम्ही आता स्वतः प्रशासकीय न्यायाधीशाकडे तक्रार दाखल करू शकता, ९० दिवसांच्या आत. मी वाचून खचले, मला वाटलं की त्यांनी फाइल बंद केली आणि मला वाऱ्यावर सोडलं. रात्रभर झोप नाही. सकाळी वकिलीणबाईंना फोन केला तर ती म्हणाली, नाही नाही, तपास चालूच आहे, ही नोटीस कायद्याने द्यावीच लागते, तुझा स्वतंत्र हक्क बुडू नये म्हणून. हे पत्र कोणाला आलं तर घाबरू नका, पण तारीख मात्र लिहून ठेवा.

एप्रिलमध्ये कंपनीच्या वकिलाकडून तडजोडीची भाषा सुरू झाली. तपासात काय निघालं ते मला पूर्ण कधीच सांगितलं नाही, पण मी एकटी नव्हते एवढं समजलं, माझ्या आधीही ग्रीन कार्डवाल्यांकडून तेच मागितलं गेलं होतं, आणि त्यांनी मुकाट्याने काढून दिलं होतं कारण त्यांच्याकडे होतं. मे महिन्याच्या शेवटी सह्या झाल्या. मला ऑक्टोबरपासून नवी नोकरी लागेपर्यंतचा पगार मिळाला. कंपनीने ती पॉलिसी काढायची, एचआरच्या लोकांनी ट्रेनिंग घ्यायचं, कामगारांचे हक्क सांगणारं पोस्टर लावायचं असं ठरलं. नोकरी परत हवी का विचारलं, मी नको म्हटलं. त्या टेबलावर परत बसायची माझी इच्छा नव्हती. एचआरच्या बाईंबद्दल मला आता राग नाही, त्यांना कोणीतरी चुकीचं शिकवलं होतं आणि त्यांनी फॉर्मच्या डोक्यावरचं कधी वाचलंच नव्हतं. पण त्या चार दिवसांनंतरच्या रात्री मी विसरले नाही.

हरवलेल्या कार्डाच्या जागी नवं कार्ड जूनमध्ये आलं. ते कपाटात आहे.

२०२४ च्या सात डिसेंबरला, शनिवारी, रात्री अटलांटाहून मंडळातल्या मैत्रिणीच्या वहिनीचा फोन आला, त्या मूळच्या साताऱ्याच्या. आठ वर्ष एका वेअरहाऊसच्या ऑफिसात काम केलेलं, लागताना ग्रीन कार्ड दाखवलं होतं, त्याची दहा वर्षांची मुदत संपली तर मालक म्हणाला नवं कार्ड दाखव नाहीतर कामावर येऊ नको, आणि नवं यायला वेळ लागतोय म्हणून त्यांना काढून टाकलं. म्हणाल्या, माझीच चूक ना ताई, मी वेळेत अर्ज नाही केला. मी म्हटलं नाही वहिनी, लागताना ग्रीन कार्ड दाखवलेल्या माणसाचे कागद मुदत संपली म्हणून मालकाने परत तपासायचेच नसतात, परमनंट म्हणजे परमनंट, तारीख फक्त कार्डाला असते. त्या बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग मी विचारलं, कामावरून कधी काढलं, तारीख आठवते का? एक जुलै, सोमवार होता, त्या म्हणाल्या, आषाढी वारी निघाली होती ना तेव्हा. मी फोन कानाला धरून कालनिर्णयपाशी गेले, जुलैच्या पानापासून एकेक महिना मोजत आले, बोट डिसेंबरच्या सातवर येईपर्यंत.

"१५९ झालेत वहिनी. अजून २१ आहेत. कागद-पेन आहे का जवळ? नंबर सांगते, सोमवारी सकाळी पहिलं काम हे करायचं."